हृद्रोग आणि दैनंदिन सवयी : जोखमीच्या घटकांचा एक विचार

हृदयविकाराच्या झटक्याची वार्ता कानी आली म्हणजे सामान्यतः दोन उद्गार ऐकू येतात. पहिला, ‘काल तर धडधाकट होते’. आणि दुसरा, ‘त्यांना कसलेच व्यसन नव्हते’. ह्या दोन्ही उद्गारांच्या मुळाशी एकच समजूत असते. मनुष्य एक तर निरोगी असतो किंवा रोगी असतो, आणि निरोगी अवस्थेतून रोगी अवस्थेत त्याचे संक्रमण अकस्मात होते, अशी ती समजूत होय. गेल्या पाऊणशे वर्षांत झालेल्या संशोधनाने ही समजूत खोटी ठरविली आहे. हा विकार बहुधा दोन-तीन दशके मुकाट्याने वाढत असतो. त्याची वाढ मनुष्याच्या नित्याच्या सवयींशी निगडित असते. आणि धोक्याच्या मापपट्टीवर ‘येथपर्यंत सुरक्षित व येथून पुढे धोका’ अशी स्वच्छ रेघ कोठेही ओढता येत नाही. हे ज्ञान कोणत्या मार्गाने प्राप्त झाले, त्यात निश्चित किती व विवाद्य किती, आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, ह्याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा विषय आपणांस विशेष जिव्हाळ्याचा असण्याचे एक कारण आरंभीच सांगितले पाहिजे. बावन्न देशांत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ ह्या पाहणीतील सामग्रीचे पुढे २००७ साली जे विश्लेषण झाले, त्यात असे आढळले की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यमान वय ५३ होते, तर इतर देशांतील लोकांचे सुमारे ५९. म्हणजे इतरांच्या मानाने आपल्याकडे हा रोग पाच-सहा वर्षे आधीच दार ठोठावतो. मुलांची शिक्षणे अर्धवट आहेत, घराचे कर्ज फिटावयाचे आहे, अशा वयात कुटुंबाचा आधार कोसळतो. ह्या विषयाकडे केवळ वैद्यकाचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही, ते ह्यामुळे.

१. विकाराचे स्वरूप

हृदय हा मूठभर आकाराचा स्नायू मिनिटाला सुमारे सत्तर वेळा आकुंचन पावतो. म्हणजे अहोरात्रात त्याचे सुमारे एक लक्ष ठोके होतात व तेवढ्या अवधीत तो सुमारे सात हजार लिटर रक्त पुढे लोटतो. ह्या अविरत श्रमासाठी त्याला स्वतःला प्राणवायू व पोषण लागते. परंतु आपल्या पोकळ्यांतून वाहणाऱ्या रक्तातून तो ते घेऊ शकत नाही. त्यासाठी महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन शाखांवर त्याला विसंबावे लागते. ह्या शाखांना हृद्-रोहिणी म्हणतात. प्रस्तुत लेखात ‘हृद्रोग’ हा शब्द ह्या रोहिणींच्या विकारापुरताच योजिला आहे.

रोहिणीच्या आतील बाजूस पेशींच्या एकाच थराचे अत्यंत नाजूक अस्तर असते. रक्ताचा वाढलेला दाब, तंबाखूच्या धुरातील द्रव्ये, रक्तातील वाढलेली शर्करा ह्यांच्या योगे हे अस्तर दुखावते. दुखावलेल्या जागी कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कमी घनतेचे कण भिंतीत शिरतात व तेथेच अडकून राहतात. त्यांना नाहीसे करण्यासाठी रक्तातील श्वेतपेशी येतात, त्यांतील पुष्कळशा तेथेच मरतात, आणि हळूहळू मेद, मृत पेशी व तंतू ह्यांचे एक विलेपन भिंतीच्या आत तयार होते. ही क्रिया फार लवकर सुरू होते. कोरियन युद्धात मृत्यू पावलेल्या तीनशे अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय सुमारे बावीस होते. तरीही त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांच्या हृद्-रोहिणींत ह्या विकाराच्या खुणा डोळ्यांनी दिसण्याजोग्या होत्या. जिवंतपणी त्यांतील कोणालाही रोगी म्हणता आले नसते.

झटका येण्यासाठी रोहिणी हळूहळू पूर्ण बंद व्हावी लागते, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः अनेकदा मध्यम आकाराच्या विलेपनाचे आवरण अवचित फाटते, त्यावर काही मिनिटांत रक्ताची गुठळी धरते आणि प्रवाह खुंटतो. झटका अकस्मात येतो, तो ह्या अर्थाने. त्याची पूर्वतयारी मात्र अकस्मात झालेली नसते. ‘काल तर धडधाकट होते’ ह्या उद्गाराचे उत्तर येथे आहे.

२. प्रश्न विचारण्याची नवी रीत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत वाढलेला रक्तदाब हा वयोमानाचा स्वाभाविक परिणाम होय, असे मानणारे वैद्य पुष्कळ होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांचे उदाहरण ह्या संदर्भात नेहमी दिले जाते. १९३५ साली त्यांचा रक्तदाब १३६/७८ होता. १९४१ साली तो १८८/१०५ झाला. आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले, त्या दिवशी तो ३००/१९० इतका मोजला गेला. जगातील एका बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाची ही स्थिती, मग सामान्यांची काय कथा! त्या काळी मोजण्याचे साधन हाती होते. परंतु मोजलेल्या आकड्याचा अर्थ पुरता कळलेला नव्हता.

हा अर्थ लावण्याचे मोठे कार्य मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम ह्या लहान नगराने केले. १९४८ साली तेथे जो अभ्यास सुरू झाला, त्यात तीस ते बासष्ट वर्षे वयाच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची नोंद करण्यात आली. पूर्वीची रीत रोग झालेल्यांना तपासून मागे वळून कारणे शोधण्याची होती. येथे ती उलटविली गेली. हृद्रोग न झालेल्यांची प्रथम सर्व मापे घ्यावयाची, दर दोन वर्षांनी त्यांची पुन्हा तपासणी करावयाची, आणि कोणाला रोग होतो व कोणाला होत नाही, हे वर्षानुवर्षे पाहत राहावयाचे. ह्या रीतीत धीर फार लागतो. पण रोग होण्यापूर्वीची स्थिती रोग होण्यापूर्वीच लिहून ठेवलेली असल्यामुळे स्मरणदोषाला व पश्चात्बुद्धीला वाव राहत नाही. सहा वर्षांच्या निरीक्षणावर आधारलेल्या १९६१ सालच्या निबंधात ह्या संशोधकांनी ‘जोखमीचे घटक’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग केला आणि तो वैद्यकात रूढ झाला. वाढलेला रक्तदाब, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल व हृदयाच्या डाव्या भागाची वाढ ह्यांचा हृद्रोगाशी असलेला संबंध त्यात दाखविला होता. धूम्रपान, मधुमेह इत्यादींची भर ह्याच नगरातील निरीक्षणांतून पुढे पडली.

‘जोखमीचा घटक’ आणि ‘कारण’ ह्या दोन संज्ञांत भेद आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. क्षयाचा जंतू हे क्षयाचे आवश्यक कारण होय. जंतूवाचून क्षय नाही. हृद्रोगाचे असे एकच आवश्यक कारण नाही. त्याचे घटक संभव वाढवितात. निश्चिती देत नाहीत. त्यामुळे नव्वद वर्षे विडी ओढणारे आजोबा आणि निर्व्यसनी असूनही पंचेचाळिसाव्या वर्षी गेलेले शेजारी ही दोन्ही उदाहरणे सिद्धान्ताशी विसंगत नाहीत. ‘त्यांना कसलेच व्यसन नव्हते’ ह्या उद्गारात विसरले जाते ते हेच.

३. शरीरश्रम : लंडनच्या बसगाड्यांचा धडा

सवयींच्या परिणामाचा अभ्यास करताना कोणत्या अडचणी येतात, हे लंडनमधील एका अभ्यासावरून फार चांगले समजते. जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी ह्यांनी १९५३ साली लंडनच्या वाहतूक संस्थेतील सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. मुंबईकरांच्या पूर्वपरिचयाच्या दुमजली गाड्यांप्रमाणेच त्या गाड्या होत्या. चालक दिवसभर आपल्या आसनावर बसलेला असे. वाहक मात्र तिकिटे देण्यासाठी दिवसातून शेकडो पायऱ्या चढत असे. दोघे एकाच गाडीत, एकाच शहरात, साधारण एकाच आर्थिक थरातील. तरीही वाहकांमध्ये हृद्-रोहिणीचा विकार कमी आढळला, आणि तो झालाच तर त्यातून लवकर मृत्यू येण्याचे प्रमाण चालकांच्या मानाने जवळजवळ निम्मे होते.

निष्कर्ष मोहक होता. पण संशोधक तेवढ्यावर थांबले नाहीत. बसण्याच्या कामामुळे हृदय दुर्बल होते, की मुळातच स्थूल प्रकृतीची माणसे बसण्याचे काम पत्करतात, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला. त्याचे उत्तर त्यांनी एका अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे गणवेशांच्या नोंदवहीत, शोधले. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या विजारीच्या कंबरेचे माप तेथे लिहिलेले होते. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या शोधात चालकांच्या कंबरा वाहकांपेक्षा मोठ्या निघाल्या; आणि तरुण वयोगटांतही हा फरक दिसला. अर्थात फरकाचा काही भाग नोकरीत शिरतानाच बरोबर आलेला होता. दोन गटांत फरक दिसला म्हणजे तो आपण गृहीत धरलेल्या कारणानेच पडला, असे मानण्याची घाई करू नये, हा संशोधनपद्धतीचा धडा ह्या विजारींनी दिला आहे.

मग शरीरश्रमाचा लाभ हा भ्रमच काय? तसे नाही. मॉरिस ह्यांनी पुढे बैठे काम करणाऱ्या सुमारे सतरा हजार सरकारी नोकरांचा अभ्यास केला. सर्वांचे काम सारखे. फरक फावल्या वेळातील सवयींचा. त्यांतही जे नियमाने जोमदार व्यायाम करीत, त्यांना हृद्रोग पुष्कळच कमी झाला. त्यानंतर अनेक देशांत झालेल्या अभ्यासांतून हाच कल दिसून आला आहे, आणि त्याची शरीरांतर्गत कारणेही ज्ञात आहेत : श्रमाने रक्तदाब उतरतो, स्नायू रक्तातील शर्करा अधिक सहजतेने वापरतात, आणि पोटातील मेद घटतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणे. पूर्वी पाणी शेंदणे, दळणकांडण, बाजारहाट पायी करणे ह्यांत हे श्रम अनायासे घडत. आता ते बुद्ध्या करावे लागतात, एवढाच फरक.

४. तंबाखू

तंबाखूविषयीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल ह्यांनी १९५१ साली ब्रिटनमधील चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयी नोंदवून त्यांचा मागोवा सुरू केला. पन्नास वर्षांचा वृत्तांत २००४ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे हे सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी मरण पावले. आशेची बाब अशी की साठाव्या वर्षी सवय सोडणाऱ्यांनी सुमारे तीन वर्षे, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी जवळजवळ सर्व दहा वर्षे परत मिळविली. ‘आता सोडून काय उपयोग’ ह्या प्रश्नाला इतके स्पष्ट उत्तर क्वचितच मिळते.

‘मी दिवसातून एखादीच ओढतो’ हे समर्थनही टिकत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटींच्या संख्येबरोबर बऱ्याच अंशी प्रमाणात वाढतो. हृद्रोगाचे तसे नाही. २०१८ साली अनेक अभ्यासांचे जे एकत्र विश्लेषण झाले, त्यानुसार रोज एक सिगारेट ओढणाऱ्याला वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याचा विसावा हिस्सा नव्हे, तर निम्म्याच्या आसपास हिस्सा पदरी येतो. रोहिणीच्या अस्तरावर व रक्ताच्या गोठण्यावर होणारा परिणाम अल्प मात्रेतही बराच होतो, हे त्याचे कारण होय.

आपल्याकडे धुराइतकाच चघळण्याचा व दातांना चोळण्याचा प्रकार महत्त्वाचा आहे. चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, आणि विशेषतः स्त्रियांमध्ये प्रचलित असलेली मिसरी ह्यांना पुष्कळ घरांत ‘व्यसन’ ही संज्ञाच दिली जात नाही. मिसरी तर दात घासण्याचे द्रव्य म्हणूनच खपते. पण हिरड्यांवाटे निकोटिन रक्तात जाते, ते जातेच. वर उल्लेखिलेल्या इंटरहार्ट पाहणीत तंबाखू चघळणाऱ्यांना झटका येण्याचा संभव तंबाखूपासून अलिप्त असणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळला. म्हणून एखादी स्त्री निर्व्यसनी आहे की नाही, हे ठरविण्यापूर्वी तिच्या मिसरीची विचारपूस करणे अगत्याचे आहे.

५. आहार : स्निग्ध पदार्थ व मीठ

आहाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९५८ सालापासून सात देशांत झालेल्या ॲन्सेल कीज ह्यांच्या अभ्यासात पूर्व फिनलंडमधील पुरुषांत हृद्रोगाचे प्रमाण फार मोठे, तर जपान व ग्रीसमधील क्रीट बेटावर फार थोडे आढळले. त्यावरून प्राणिज स्निग्धांश, रक्तातील कोलेस्टेरॉल व हृद्रोग अशी साखळी मांडली गेली. उलट मुंबईत पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेत असलेले एस. एल. मल्होत्रा ह्यांनी १९६७ साली भारतीय रेल्वे कर्मचाऱ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दुधातुपाचे भरपूर सेवन करणाऱ्या पंजाबपेक्षा दक्षिण भारतात हृद्रोग अनेक पटींनी अधिक दिसला. ह्यांतील एक खरा व दुसरा खोटा असे समजण्याचे कारण नाही. दोन प्रदेशांची तुलना करताना आहाराबरोबरच श्रम, तंबाखू, शरीराची ठेवण, निदानाच्या सोयी अशा अनेक गोष्टी एकाच वेळी बदलतात. म्हणून केवळ प्रादेशिक तुलनेवरून एखाद्या अन्नघटकाला दोषी किंवा निर्दोष ठरविता येत नाही. त्यासाठी व्यक्तींचा मागोवा, प्रयोग व शरीरक्रियेचे ज्ञान ह्यांची जोड लागते.

ही जोड मिळाल्यावर आज जे निश्चित म्हणता येते, ते असे. कमी घनतेच्या कणांतील कोलेस्टेरॉल हा हृद्रोगाचा केवळ सहचर नसून खरे कारण होय. ते कमी केले की रोग कमी होतो, हे औषधांच्या प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. संपृक्त स्निग्धांशाच्या जागी असंपृक्त तेले योजल्यास ते उतरते. आणि सर्वांत हानिकारक ठरला तो अंशतः हायड्रोजनयुक्त केलेल्या तेलातील ‘ट्रान्स’ जातीचा स्निग्धांश. तो घातक कोलेस्टेरॉल वाढवितो व उपकारक कोलेस्टेरॉल घटवितो, हे १९९० साली दाखविण्यात आले. ज्याला आपण वनस्पती तूप किंवा सरसकट ‘डालडा’ म्हणत आलो, त्या पदार्थात हा स्निग्धांश मोठ्या प्रमाणात असे. साजूक तुपाचा स्वस्त पर्याय म्हणून तो १९३० नंतरच्या दशकांत मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात, हलवायाच्या कढईत व बेकरीच्या भट्टीत शिरला. जानेवारी २०२२ पासून भारतात तेले व स्निग्ध पदार्थांतील ह्या अंशावर दोन टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली आहे. दोन-तीन पिढ्यांनी अजाणता खाल्लेला हा घटक वैयक्तिक सवयीने नव्हे, कायद्याने आवरला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मिठाचा संबंध रक्तदाबाशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाच्या आहारात दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे. ‘आम्ही वरून मीठ घेत नाही’ असे सांगणाऱ्यांच्या पानातही लोणचे, पापड, कुरडई, खारवलेल्या मिरच्या, सुकी मासळी असते. संध्याकाळी चहाबरोबर फरसाण, शेव, खारी असते. हे सर्व मीठ हिशेबात धरले जात नाही. चीनमधील सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निम्म्या खेड्यांना नेहमीच्या मिठाऐवजी काही भाग पोटॅशियमयुक्त असलेले मीठ देण्यात आले. तेवढ्या एका बदलाने पक्षाघाताचे प्रमाण सुमारे चौदा टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र असे मीठ वैद्याच्या सल्ल्यावाचून वापरू नये. भाज्या, फळे, कडधान्ये ह्यांतून पोटॅशियम सहज मिळते. तेव्हा ताटातील डावी बाजू आटोपशीर ठेवून उजवीकडील भाजी वाढविणे हा सर्वांना जमण्यासारखा उपाय आहे.

रक्तदाबाच्या बाबतीत ‘रेघ’ नसणे म्हणजे काय, ते अगदी स्पष्ट दिसते. सुमारे दहा लक्ष प्रौढांची माहिती एकत्र करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले की चाळीस ते सत्तर ह्या वयात ११५/७५ ह्या मापापासून वर दर वीस मिलिमीटरच्या वाढीस हृद्रोगाने मृत्यू येण्याचा संभव दुप्पट होतो. १४० पासून वैद्य ‘उच्च रक्तदाब’ म्हणतात. पण १३५ असलेल्याने निश्चिंत व्हावे, असा ह्याचा अर्थ नव्हे. उपचार कोठे सुरू करावा, हे ठरविण्यासाठी रेघ माणसाने ओढली आहे, निसर्गाने नव्हे.

६. सडपातळ देहातील मेद

आपल्या लोकांना हा रोग लवकर का गाठतो? ह्या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा पुण्यात सापडला. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांची अपत्ये ह्यांचा अभ्यास १९९० नंतरच्या दशकात हाती घेतला. तेथील नवजात अर्भके सरासरीने सुमारे २.७ किलोग्रॅम वजनाची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची सुमारे ३.५ किलोग्रॅमची. आपली अर्भके सर्व मापांत लहान होती; परंतु स्नायू जितके उणे होते, तितका त्वचेखालचा मेद उणा नव्हता. म्हणजे दिसावयास कृश, पण आत तुलनेने मेदयुक्त, अशी शरीराची घडण जन्मतःच आढळली.

२००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणातील वजन दर्शविणारा देहभारांक दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन ह्यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांचे २१.२ टक्के होते. हा मेद पोटात, यकृताभोवती साचला की इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो व मधुमेहाचा मार्ग मोकळा होतो. यास्तव वजनाच्या काट्यापेक्षा कंबरेचा फीत-माप आपल्या बाबतीत अधिक बोलका आहे. भारतीय पुरुषांत नव्वद सेंटिमीटर व स्त्रियांत ऐंशी सेंटिमीटर ही सूचक मर्यादा मानली जाते. लंडनच्या विजारींनी सांगितलेली गोष्ट आपल्या विजारींसही लागू आहे.

७. घटकांचा गुणाकार

आतापर्यंत घटकांचा विचार सुटा सुटा केला. वस्तुस्थितीत ते एकत्र नांदतात आणि त्यांच्या परिणामांची नुसती बेरीज होत नाही. इंटरहार्ट पाहणीत झटक्याचा संभव धूम्रपानाने सुमारे २.९ पट, मधुमेहाने २.४ पट व उच्च रक्तदाबाने १.९ पट झालेला आढळला. ह्यांचा गुणाकार केला तर सुमारे तेरा येतो. आणि तिन्ही घटक एकत्र असलेल्यांत प्रत्यक्षातही संभव सुमारे तेरा पटच आढळला. ह्याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. गुणाकारातील एक जरी गुणक काढला, तरी संपूर्ण फल घटते. मधुमेह समूळ जाणार नाही, पण तंबाखू जाऊ शकते. आनुवंशिकता बदलणार नाही, पण रक्तदाब उतरू शकतो. त्या पाहणीनुसार पुरुषांतील झटक्यांच्या सुमारे नव्वद टक्के धोक्याचा उलगडा अवघ्या नऊ घटकांनी होतो. वर सांगितलेल्या घटकांखेरीज मानसिक ताण, फळे-भाज्यांची उणीव व मद्यासंबंधीची सवय ह्यांचा त्यांत अंतर्भाव आहे. ह्यांपैकी बहुतेक घटक मनुष्याच्या आटोक्यातील आहेत.

८. व्यक्ती आणि समाज

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असून त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. कल्पना करा, की एका गावात हजार प्रौढ आहेत. त्यांपैकी शंभर अतिशय धोक्यात असून दहा वर्षांत त्यांतील दर शंभरी दहांना झटका येतो. उरलेले नऊशे ‘साधारण’ असून त्यांतील दर शंभरी दोघांनाच येतो. तर धोक्यातील शंभरांपैकी दहा रोगी निघतील. साधारण नऊशेंपैकी मात्र अठरा! अधिकांश रोगी ‘साधारण’ गटातूनच येतात, कारण तो गट मोठा असतो. ज्यांना आपण धोक्यात आहोत असे वाटत नाही, त्यांच्याकडूनच ह्या रोगाची मोठी भरती होते. ब्रिटिश वैद्य जेफ्री रोझ ह्यांनी १९८५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हा विचार मांडला; आणि त्यातून असा निष्कर्ष काढला की अतिधोक्यातील थोड्यांवर उपचार करणे जितके आवश्यक, तितकेच सर्व समाजाचे मान थोडेसे खाली आणणेही आवश्यक होय. ह्यात एक पेचही आहे. सर्वांनी थोडे मीठ कमी केले तर समाजाचा लाभ मोठा होतो. पण प्रत्येक व्यक्तीला स्वतःचा लाभ जाणवत नाही. लोकांना हे पटवून देणे कठीण जाते, ते ह्यामुळेच.

कठीण असले तरी ते अशक्य नाही, हे फिनलंडने दाखविले. कीज ह्यांच्या अभ्यासात ज्या पूर्व फिनलंडची दुष्कीर्ती झाली, त्याच भागातील उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ साली लोकांच्या मागणीवरूनच एक उपक्रम सुरू झाला. पेक्का पुस्का हे तरुण वैद्य त्याचे प्रमुख होते. गृहिणींच्या संघटना, शाळा, दुग्धव्यवसायी, खाद्यपदार्थांचे उत्पादक ह्या सर्वांस त्यात गोविण्यात आले. लोण्याच्या जागी वनस्पतिज तेल, मलईयुक्त दुधाच्या जागी कमी स्निग्धांशाचे दूध, खाद्यपदार्थांत कमी मीठ आणि धूम्रपानास आळा, असा कार्यक्रम होता. पुढे तो सर्व देशात पसरला. चार दशकांत त्या प्रांतातील कमावत्या वयाच्या पुरुषांतील हृद्रोगाचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. ह्यात नव्या उपचारांचा वाटा आहेच. परंतु मोठा वाटा बदललेल्या सवयींचा आहे. माणसे तीच, वंश तोच, हवा तीच. पानातील पदार्थ बदलले आणि आयुष्ये लांबली.

उपसंहार

ह्या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. व्यक्तीच्या दृष्टीने पाहता, रोग झाला आहे की नाही हा प्रश्न अपुरा आहे. आपण धोक्याच्या मापपट्टीवर कोठे आहोत आणि कोणत्या दिशेने सरकत आहोत, हा खरा प्रश्न होय. त्यासाठी तिशीनंतर रक्तदाब, शर्करा व कोलेस्टेरॉल अधूनमधून मोजून घेणे, कंबरेचे माप ठाऊक असणे, तंबाखू कोणत्याही रूपात न स्वीकारणे, रोज चालणे आणि मिठाचा हिशेब ठेवणे, एवढे पुरेसे आहे. ज्यांस औषध सुरू आहे त्यांनी बरे वाटते म्हणून ते आपल्या मनाने थांबवू नये; कारण ह्या विकारात बरे वाटणे हा निरोगीपणाचा पुरावा नव्हे.

समाजाच्या दृष्टीने पाहता, सवय ही केवळ इच्छाशक्तीची बाब नाही. ज्या शहरात पादचाऱ्यास चालावयास पदपथ उरलेला नाही, तेथे चालण्याचा उपदेश पोकळ ठरतो. जेथे शाळेच्या दारात स्वस्त दरात तळलेलेच पदार्थ मिळतात, तेथे फळांची महती सांगून भागत नाही. सवयी घरात लागतात, पण त्या घडविणारी परिस्थिती रस्त्यावर, बाजारात व कायद्याच्या पुस्तकात असते. वैद्यकशास्त्राने कारणे दाखविण्याचे आपले काम बहुतांशी पार पाडले आहे. जे रोग पन्नाशीत होतात त्यांचे बीज विशीत पडते, हे ज्ञात झाल्यावर ते बीज पडू न देण्याची व्यवस्था करणे हे उरलेले काम आहे, आणि ते एकट्या वैद्याचे नाही.